‘सोडली’ आणि ‘सोडावी लागली’: राजीनाम्यानंतर अनएम्प्लॉयमेंट नाकारलं तर

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. वहिनी ग्रीन कार्डावर, न्यू जर्सीत एका पॅकेजिंग कंपनीत सहा वर्षं दिवसपाळीला होत्या. नवा मॅनेजर आला, त्याने त्यांना रात्रपाळीला टाकलं तेही पुठ्ठा कापायच्या सेक्शनला, दमा आधीपासून होता तो तिथल्या धुळीने बळावला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, वहिनींनी दोनदा ईमेल करून जुनी जागा परत मागितली, उत्तर नाही, शेवटी राजीनामा दिला आणि त्यात कारण लिहिलं ‘पर्सनल रीझन्स’. अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे नोकरी गेल्यावर राज्याकडून दर आठवड्याला मिळणाऱ्या पैशांचा (बेनिफिटचा) क्लेम टाकला, फोनवर मुलाखत झाली, आणि आठ दिवसांपूर्वीच्या तारखेचं पत्र आलंय की तुम्ही स्वतःहून नोकरी सोडलीत, पैसे मिळणार नाहीत. आता ओळखीतले सगळे म्हणतायत राजीनामा दिला ना, मग विषय संपला.

नाही संपला. मी वकील नाही, पण अकरा वर्षं एचआरमध्ये होते आणि असे क्लेम कंपनीच्या बाजूने उत्तर देऊन पाडणं हा माझ्या कामाचाच भाग होता, गेली काही वर्षं उलट्या बाजूने लोकांची अपिलं तयार करून देते, त्यामुळे दोन्हीकडचं स्वयंपाकघर बघितलंय असं म्हणा हवं तर.

सगळ्यात आधी मुदत. न्यू जर्सीत पत्र पोस्टात पडल्याच्या तारखेपासून २१ दिवस. पत्र तुमच्या हातात कधी पडलं ते नाही, पत्रावर छापलेली तारीख धरून चाला. म्हणजे तुमचे आठ गेले, तेरा उरले. जुन्या माहितीत दहा दिवस लिहिलेलं सापडेल, ती मुदत २०२३ मध्ये वाढवली. आणि हे फक्त न्यू जर्सीचं, टेक्सासला १४ दिवस आहेत, मॅसॅच्युसेट्सला १०, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कला ३०, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मावसभावाचा सल्ला इथे घेऊ नका. मुदत हुकली तर उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे वेगळं सिद्ध करत बसावं लागतं, आणि ते जमलं नाही तर मूळ केस कितीही भक्कम असली तरी तिच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. अपील ऑनलाइन टाका, कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट ठेवा. अपिलात निबंध लिहायचा नाही, दोन-तीन वाक्यं पुरतात: निर्णय मान्य नाही, कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीने आजार वाढला, कंपनीकडे दुसरी जागा मागितली ती दिली नाही म्हणून नोकरी सोडावी लागली. बाकीचं हिअरिंगला, म्हणजे अपिलाच्या सुनावणीला.

दुसरी गोष्ट, जी दहातले सहा-सात लोक चुकतात असं मला वाटतं. नकाराचं पत्र आलं की लोक दर आठवड्याचं सर्टिफाय करणं (या आठवड्यात नोकरी नव्हती, काम शोधत होतो असं राज्याला कळवणं) बंद करतात, म्हणतात आता कशाला. अपील चालू असेपर्यंत दर आठवड्याला सर्टिफाय करत राहायचं, पैसे शून्य दिसले तरी. कारण अपील जिंकल्यावर मागचे पैसे मिळतात ते फक्त ज्या आठवड्यांचं सर्टिफिकेशन केलंय त्यांचेच. माझ्याकडे एक जण आले होते, केस जिंकले, आणि मधल्या सात आठवड्यांचं काहीच भरलेलं नव्हतं, त्यासाठी पुन्हा पत्रं, फोन, नुसता मनस्ताप. सोबत नोकरी शोधल्याची नोंद एका वहीत ठेवा, तारीख, कंपनी, कसं अप्लाय केलं. आणि मधे कुठे चार तास पार्टटाइम काम केलं तर ते लपवायचं नाही, ज्या आठवड्यात काम केलं त्याच आठवड्यात टॅक्स कापायच्या आधीचा आकडा सांगायचा, चेक कधी मिळाला याला महत्त्व नाही. नंतर पकडलं गेलं तर दिलेले पैसे परत, वर दंड (फेडरल कायद्यानेच कमीत कमी १५ टक्के, न्यू जर्सीत २५).

आता मुळात नाकारलं का ते. अमेरिकेत ही योजना १९३५ च्या सोशल सिक्युरिटी अ‍ॅक्टने देशभर आली, विस्कॉन्सिनने १९३२ मध्येच आपला कायदा केला होता. चौकट फेडरल पण नियम प्रत्येक राज्याचे. सगळीकडे पाया एकच, नोकरी आपल्या चुकीशिवाय गेलेली पाहिजे. स्वतःहून सोडली असेल तर ‘गुड कॉज’, म्हणजे कायद्याला पटणारं सबळ कारण लागतं, आणि इथे राज्याराज्यात फरक पडतो. कॅलिफोर्नियात घरचं एखादं गंभीर कारणसुद्धा गुड कॉज ठरू शकतं. न्यू जर्सी कडक आहे, इथे कारण कामाशीच जोडलेलं पाहिजे, आणि इतकं जबरदस्त पाहिजे की माणसापुढे नोकरी सोडण्याशिवाय पर्याय उरला नाही. मुलांना सांभाळायला कोणी नाही, गाडी नाही, घर लांब गेलं, ही कारणं माणसाच्या दृष्टीने कितीही खरी असली तरी इथे चालत नाहीत.

आता ‘पर्सनल रीझन्स’ हे दोन शब्द या कायद्यासमोर ठेवून बघा. कारण कामाशी जोडलेलं हवं, आणि वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की ते वैयक्तिक आहे!

हे आपल्या लोकांत मी इतक्यांदा बघितलंय की आता राग येत नाही. उगाच जाता जाता वाईटपणा कशाला घ्यायचा, सहा वर्षं मीठ खाल्लंय, पुढे रेफरन्स लागेल, असं म्हणून राजीनाम्यात सगळ्यांचे आभार मानायचे, संधी दिल्याबद्दल ऋणी आहे लिहायचं आणि खरं कारण गिळून टाकायचं. मी एचआरमध्ये होते तेव्हा असा ईमेल म्हणजे आमच्यासाठी लॉटरी. राज्याकडून फॉर्म यायचा, माणूस का गेला विचारणारा, मी ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहायचे, ईमेल जोडायचे, दहा मिनिटांत काम संपलं. कंपनी हे दुष्टपणाने करते असंही नाही, तिचा अनएम्प्लॉयमेंट टॅक्सचा दर आधीच्या माणसांनी किती बेनिफिट घेतलं त्यावर वर-खाली होतो, त्यामुळे प्रत्येक क्लेम म्हणजे तिला पुढच्या वर्षांचा खर्च. कित्येक कंपन्या तर हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात, आणि ती एजन्सी वहिनींचं नाव आयुष्यात पहिल्यांदा त्या फॉर्मवरच वाचते. हा मुद्दा लक्षात ठेवा, हिअरिंगला कामी येईल.

मग ते दोन शब्द पुसता येतात का? पुसता येत नाहीत, पण त्यांच्या मागचं खरं कारण सिद्ध करता येतं. हिअरिंगला आधीच्या निर्णयावर नुसता शिक्का मारत नाहीत, साक्ष नव्याने घेतात, कागद नव्याने बघतात. आणि वहिनींच्या बाबतीत न्यू जर्सीचा नियम बराचसा बाजूने आहे. नियम असा की आजार कामामुळे झालेला नसला तरी कामाच्या परिस्थितीमुळे वाढत असेल, आणि त्या माणसाला झेपेल असं दुसरं योग्य काम कंपनीकडे उपलब्ध नसेल, तर नोकरी सोडली तरी बेनिफिट नाकारता येत नाही. पण त्याच नियमाचा पुढचा भाग म्हणतो की आजाराचा कामाशी काहीच संबंध नसेल आणि नुसतं काम होत नाही म्हणून सोडलं असेल, तर नाकारायचं. म्हणजे सगळी केस ‘वाढला’ या एका क्रियापदावर उभी आहे. दमा होता हे सांगून उपयोग नाही. त्या सेक्शनला गेल्यावर तो वाढला, हे कागदावर दिसलं पाहिजे.

म्हणून डॉक्टरांकडे परत जा, आणि आधीच्या चिठ्ठीवर भागवू नका. ‘नाइट शिफ्ट टाळावी’ एवढंच बहुतेक त्यात लिहिलेलं असेल. नव्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: आजार काय आणि कधीपासून, त्या सेक्शनमधल्या धुळीने तो वाढला असं डॉक्टरांचं मत, आणि धूळ नसलेल्या ठिकाणी दिवसा पूर्णवेळ काम करायला त्या सक्षम आहेत. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. कारण बेनिफिट मिळायला काम करायची क्षमता आणि तयारी दोन्ही लागतात. डॉक्टरने दया येऊन ‘पेशंट काम करण्यास असमर्थ’ असं भारदस्त पत्र दिलं तर सोडण्याचं कारण सिद्ध होईल आणि बेनिफिट दुसऱ्याच दाराने जाईल. खरोखर कुठलंच काम करता येत नसेल त्यांच्यासाठी न्यू जर्सीत टेम्पररी डिसॅबिलिटीची वेगळी योजना आहे, पार १९४८ पासून, पण तो अर्ज वेगळा, त्याचं खातं वेगळं.

मग ते दोन ईमेल. हे तुमचं सोनं आहे. न्यू जर्सीची कोर्टं बघतात की नोकरी टिकवण्यासाठी माणसाने शक्य ते सगळं केलं का. न सांगता निघून गेलेला माणूस हरतो, ज्याने मॅनेजरला सांगितलं, एचआरला लिहिलं, वाट बघितली, पुन्हा लिहिलं आणि मग गेला त्याला काहीतरी बोलायला जागा असते. कंपनीचा ईमेल अजून चालू असेल तर स्वतःचे हे दोन ईमेल तेवढे घ्या, बाकी कंपनीच्या फायलींना हात लावू नका. बंद झाला असेल तर वहिनींनी ते स्वतःच्या जीमेलवर कॉपी केले होते का बघा, फोनमध्ये मॅनेजरशी झालेले टेक्स्ट असतील, शिफ्ट बदलल्याचा फलकाचा फोटो असेल, इन्हेलरच्या फार्मसीच्या पावत्या असतील (रात्रपाळीच्या आधी दोन महिन्यांत एक आणि नंतर महिन्यात दोन, असं काही दिसलं तर ते डॉक्टरच्या पत्राइतकंच बोलतं). त्याच काळात कंपनीने दिवसपाळीसाठी जाहिरात दिली असेल तर तीही ठेवा, पण जपून वापरा, कारण तिथे कंपनी उलटून विचारेल की मग जागा होती तर तुम्ही अप्लाय का नाही केलं. याचं उत्तर तयार पाहिजे: ईमेलने मागितलीच होती, उत्तरच आलं नाही.

हे सगळं एका कागदावर तारीखवार लिहून काढा. एकच पान. तारीख, काय झालं, पुरावा कोणता. हिअरिंगच्या आधी पुरावे ट्रिब्यूनलला (अपील ऐकणाऱ्या कार्यालयाला) पाठवावे लागतात, नोटिशीत कसं आणि कुठे ते असतं, ती नोटीस दोनदा वाचा कारण फोनसाठी आधी नोंदणी करायची असेल तर तेही त्यातच असतं, आणि ते न केल्यामुळे फोनच आला नाही आणि अपील फेटाळलं गेलं अशी माणसं मी बघितलीत. अशा वेळी केस परत उघडायची विनंती करता येते, पण कारण पटेल असं लागतं. तारीख कधी मिळेल? फेडरल निकष असा की पहिल्या अपिलांपैकी निदान ६० टक्के ३० दिवसांत आणि ८० टक्के ४५ दिवसांत निकाली निघावीत, पण त्याच्या भरवशावर घरखर्चाचं गणित मांडू नका.

हिअरिंग बहुतेक फोनवरच. एक्झामिनर, म्हणजे सुनावणी घेणारा अधिकारी, शपथ देतो, रेकॉर्डिंग चालू असतं, आणि तो पहिल्यांदा वहिनींनी त्या फोन मुलाखतीत काय सांगितलं होतं ते वाचून दाखवण्याची शक्यता आहे. तिथे गडबडून ‘मी असं म्हटलंच नाही’ म्हणायचं नाही. म्हटलं असेल तर हो म्हणा, आणि पुढे सांगा की राजीनाम्यात तसं लिहिलं कारण संबंध बिघडवायचे नव्हते, खरं कारण त्याआधीच्या ईमेलमध्ये आहे. सोडल्याचं गुड कॉज सिद्ध करायची जबाबदारी आपली असते (गैरवर्तनाने काढलं म्हणत असतील तर ती कंपनीची), त्यामुळे इथे गप्प बसून चालत नाही.

आणि गाऱ्हाणं सांगायचं नाही. मॅनेजर कसा पक्षपाती होता, त्याने कोणाकोणाला त्रास दिला, आधीचा किती देवमाणूस होता, हे सगळं खरं असेल पण एक्झामिनरला त्यातून निकालात लिहायला एक ओळ मिळत नाही. ‘त्या सेक्शनला गेल्यापासून शिफ्टमध्ये दोन-तीनदा इन्हेलर घ्यावा लागायचा, आधी आठवड्यातून एकदा लागायचा, अमुक तारखेला डॉक्टरांकडे गेले, त्याच संध्याकाळी एचआरला लिहिलं’, हे बोलणं निकालात जसंच्या तसं उतरतं. अर्थात जे घडलं तेच सांगायचं, शपथ आहे.

भाषेचं एक सांगते. वहिनींना इंग्रजीत शपथेवर बोलायला अवघड जात असेल तर दुभाषा फुकट मिळतो, अपील टाकतानाच मागा आणि स्पष्ट ‘मराठी’ लिहा, नाहीतर नाव बघून हिंदीवाला देतात. माझ्या एका केसमध्ये काका म्हणाले, “मी सोडली नाही हो, मला सोडावी लागली,” आणि पलीकडून भाषांतर आलं, ‘ही लेफ्ट द जॉब’. झालं! आख्खा कायदा ज्या फरकावर उभाय तो फरकच गळाला. मी लगेच थांबवून ते वाक्य पुन्हा घ्यायला लावलं. तुम्हालाही असा हक्क आहे, भाषांतर चुकलं वाटलं तर तिथेच बोला, नंतर नाही. बाकी तुम्ही शेजारी बसून वहिनींना उत्तरं सुचवू नका, फोनवर ते ऐकू येतं आणि वाईट दिसतं. तुम्ही साक्षीदार म्हणून बोलणार असाल तर आधी तसं सांगा.

कंपनीकडून कोण येतंय ते ऐका. तो मॅनेजर न येता एजन्सीचा माणूस किंवा एचआरची नवी मुलगी आली, तर वहिनींना प्रश्न विचारायची संधी मिळते तेव्हा त्यांनी शांतपणे विचारावं, त्या दिवशी तुम्ही तिथे होता का, ते ईमेल तुम्ही वाचले होते का. ऐकीव माहिती इथे चालते, पण निव्वळ ऐकीव माहितीवर निकाल उभा राहू शकत नाही, काहीतरी प्रत्यक्ष पुरावा लागतोच. मी स्वतः कंपनीकडून अशा हिअरिंगला बसलेय आणि ‘मला व्यक्तिशः माहीत नाही’ म्हणताना कान गरम झालेले आठवतात.

हरलात तर पुढे बोर्ड ऑफ रिव्ह्यू, आणि त्याच्यापुढे सुपीरियर कोर्टाचं अपेलेट डिव्हिजन, तिथे अपिलाची मुदत ४५ दिवस. पण बोर्ड बहुतेक वेळा हिअरिंगच्या रेकॉर्डवरूनच निर्णय देतं, ‘हा कागद नंतर देऊ’ म्हणून काही हातचं राखू नका. आणि जिंकलात तर कंपनीलाही अपिलाचा हक्क आहे, ती वर जिंकली तर मिळालेले पैसे परत मागतात, म्हणून पहिला मोठा चेक आला की लगेच भारताची तिकिटं काढू नका.

रक्कम काय हेही विचारलंत. साधारण सरासरी आठवड्याच्या पगाराच्या ६० टक्के, २०२५ मध्ये वरची मर्यादा आठवड्याला ८७५ डॉलर होती, जास्तीत जास्त २६ आठवडे. म्हणजे त्या हिशेबाने अगदी पूर्ण मिळाले तर २२,७५० डॉलर, यासाठी दोन-तीन संध्याकाळी कागद जुळवायला काही हरकत नाही. अपील हरलात तर बंदी कायमची नसते, नव्या नोकरीत किमान आठ आठवडे काम आणि साप्ताहिक बेनिफिटच्या दहापट कमाई झाली, आणि ती नोकरी स्वतःच्या चुकीशिवाय गेली, तर दार परत उघडतं. फेडरल टॅक्स यावर लागतो, जानेवारीत १०९९-जी हा मिळालेल्या पैशांचा टॅक्स फॉर्म येईल, हवं तर आधीच १० टक्के कापायला सांगता येतं. न्यू जर्सी स्वतः यावर टॅक्स घेत नाही.

खाली एकाने विचारलंय की असं बेनिफिट घेतलं तर सिटिझनशिपला अडचण येईल का, सरकारी मदत घेतली असं होतं का. हा विमा आहे हो, खैरात नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत तर कामगाराच्या स्वतःच्या पगारातूनही याचा हप्ता कापतात, वहिनींची कुठलीही जुनी पे स्टब (पगाराची पावती) काढा, फेडरल टॅक्सच्या खाली ‘यूआय’ किंवा तशी ओळ दिसेल, दर वेळी काही डॉलर गेलेले आहेत. एच-वन-बी वाल्यांचं (कंपनीने काढलेल्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांचं) मात्र वेगळं आहे. त्यांनीही तो हप्ता भरलेला असतो, पण नोकरी गेली की दुसरीकडे लगेच काम करायची मुभा नसते म्हणून ‘कामाला उपलब्ध’ या अटीवर बहुतेक क्लेम अडकतात, आणि त्यांनी ६० दिवसांपर्यंतच्या ग्रेस पीरियडची (नोकरी गेल्यावर देशात राहायच्या सवलतीची) काळजी आधी करावी. अन्याय आहे का, माझ्या मते आहे. ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही.

उत्पन्न कमी असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करून बघा, फुकट सल्ला मिळतो, पण त्यांच्या फोनची वाट बघत अपील थांबवू नका. अपील आज रात्री टाका. उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट. आणि वहिनींना ते दोन ईमेल शोधायला सांगा, ईमेलच्या तारखा आणि राजीनाम्याची तारीख इथे टाका (कंपनीचं नाव आणि बाकी माहिती झाकून), मधे किती दिवस गेले ते बघून पुढचं सांगते.